पोचल्याची खबर : खामगावच्या तारेपासून परमुलखातल्या रेंजपर्यंत

परदेशी निघालेल्या माणसाच्या घरी हल्ली एक प्रश्न व्हिसाच्या आणि सामानाच्या वजनाच्या बरोबरीने चर्चिला जातो : तिकडे उतरल्यावर फोनचे काय करायचे? आपल्याच कंपनीचे रोमिंगचे पॅक मारायचे, विमानतळावर उतरून तिथले सिम घ्यायचे, निघण्यापूर्वीच इ-सिम भरून ठेवायचे, की हॉटेलच्या वाय-फायवर दिवस ढकलायचे? चिखलीचा मुलगा जर्मनीला शिकायला निघालेला असो, मलकापूरचे वडीलधारे उमऱ्याला निघालेले असोत, की शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्यात नाव लागलेला मोताळ्याचा एखादा कास्तकार असो, घरातल्या सर्वांत धाकट्या माणसाला मध्ये बसवून हा खल चालतो. त्यात पैशाचा हिशेब असतो, पण त्याहून अधिक काळजी असते ती एका गोष्टीची : पोचल्याची खबर कशी कळणार?

साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या प्रश्नाकडे मोबाइलच्या दुकानदाराचा विषय म्हणून पाहू नये असे आम्हांस वाटते. निरोप किती दिवसांत पोचतो, त्याला किती पैसे पडतात आणि तो कोणाच्या हातून जातो ह्यांवर मराठीतले पत्रवाङ्मय आणि प्रवासवर्णन ह्यांची घडण बरीचशी अवलंबून राहिली आहे. निवड करण्याचा हा प्रश्न नवाही नाही. बुलढाणा जिल्ह्यासारख्या आडबाजूच्या समजल्या जाणाऱ्या मुलखात तर त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ खामगावी होतो. १८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते ६५ ह्या काळातल्या अमेरिकन यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक मोल आले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला, पण खामगाव त्या मार्गापासून काही मैल दूर राहिले. कापसाची एवढी मोठी पेठ रुळांवाचून राहणे कोणालाच परवडणारे नव्हते. जलंब ते खामगाव हा जेमतेम आठ मैलांचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, बुलढाण्यात ते १९०५च्या फेररचनेत आले.) आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉयने यावे ह्यातच सगळे आले. स्वेन बेकर्ट ह्या इतिहासकाराने कापसाच्या जागतिक इतिहासावरील 'एम्पायर ऑफ कॉटन' (२०१४) ह्या ग्रंथात ह्या समारंभाची दखल घेतली आहे. आपल्याकडच्या स्थानिक इतिहासांत मात्र तो एखाद्या ओळीत उरकला जातो.

त्याच वर्षी आणखी एक घटना घडली. सुएझमार्गे समुद्राच्या तळातून टाकलेली तार मुंबईला येऊन मिळाली आणि जून १८७० पर्यंत मुंबई व लंडन ही शहरे जवळजवळ अखंड सागरी तारेने जोडली गेली. त्यापूर्वीही, १८६५ पासून, इराणी आखातातून आणि तुर्कस्तानातून जाणारी एक तार होती. पण वाटेतल्या तारमास्तरांच्या हातून मजकुराचा असा काही चेंदामेंदा होई, आणि त्याला इतके दिवस लागत, की व्यापारी तिच्या नावाने बोटे मोडत. नव्या तारेने लिव्हरपूलचा भाव मुंबईला आणि मुंबईहून वऱ्हाडच्या पेठेला कळू लागला. आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झालेला होता. लिव्हरपूलच्या दलालाने तारेने मागणी नोंदवावी आणि काही आठवड्यांत वऱ्हाडची गाठ तिथल्या धक्क्यावर उतरावी, इतके अंतर आकसले. विंटरथूर आणि मुंबई येथे पेढ्या असलेल्या फोलकार्ट बंधूंसारख्या युरोपीय कंपन्यांनी खामगावात बस्तान बसवले ते ह्याच काळात.

तार पेढीवर येत असे, बांधावर नव्हे. भाव आधी कोणाला कळतो ह्यावर सौदा ठरतो, आणि ज्याला तो आधी कळे त्याचे त्यात नुकसान होत नसे. संपर्काच्या साधनाची निवड कोणाच्या हाती आहे हा प्रश्न वऱ्हाडात प्रथम उभा राहिला तो इथे. शेतकऱ्याला निवड नव्हतीच.

व्यापाऱ्यापुढे मात्र निवड होती आणि ती महाग होती. सागरी तारेचा दर शब्दागणिक असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थान-इंग्लंड तारेला शब्दामागे चार शिलिंग पडत. म्हणून सांकेतिक कोशांचा धंदा भरभराटीला आला. १८७०च्या दशकात लंडनला निघालेला 'एबीसी' नावाचा कोश त्यांतला प्रसिद्ध. एका अर्थहीन शब्दाला एक अख्खे वाक्य नेमून द्यायचे, दोन्ही टोकांना तोच कोश ठेवायचा, आणि दहा शब्दांचे काम एका शब्दात उरकायचे. शैलीविज्ञानाच्या अभ्यासकांनी कधी ह्या कोशांकडे पाहिले आहे की नाही, कोण जाणे. पैशाच्या धाकाने भाषा किती आखडते ह्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरीकडे क्वचितच मिळेल.

सामान्य माणसाला तार परवडत नसे. त्याच्यासाठी टपाल होते. पण टपालातही निवड होतीच. १८७०च्या दशकात विलायतेला पत्र पाठवणाऱ्याला पाकिटावर मार्ग लिहावा लागे : ब्रिंदिसीमार्गे, की साउथम्प्टनमार्गे. ब्रिंदिसीला पत्रे उतरवून ती आगगाडीने युरोप ओलांडून नेली जात, म्हणून तो मार्ग लवकरचा आणि महागाचा. साउथम्प्टनचा मार्ग सबंध समुद्रातून, म्हणून स्वस्त आणि रेंगाळणारा. आजच्या रोमिंगच्या पॅकमध्ये आणि स्थानिक सिममध्ये जो हिशेब केला जातो तो हाच. लवकर पाहिजे की स्वस्त पाहिजे?

आणि 'परमुलूख' म्हणायला विलायतेलाच जायला हवे असेही नव्हते. देऊळगाव राजाहून जालन्याला निघालेला माणूस पंधरावीस मैलांत निजामाच्या राज्यात शिरे. निजामाचे टपाल खाते वेगळे, तिकिटे वेगळी (ती १८६९ पासून निघू लागली), नाणे वेगळे. निजामी तिकिटाची सत्ता राज्याच्या सीमेवर संपे. छावण्यांच्या आणि मोठ्या गावांच्या ठिकाणी इंग्रजी टपालाच्या कचेऱ्याही असत, म्हणजे एकाच गावात दोन टपालांतून निवड करायची. पत्र वऱ्हाडात धाडायचे तर एक दार, औरंगाबादेला धाडायचे तर दुसरे. निजामी टपाल १९५० मध्ये भारतीय टपालात विलीन झाले तेव्हा ही दोन दारे एक झाली. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा ह्या भागातले व्याहीसंबंध पूर्वापार जालना-परभणीकडे. तिथल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे 'रोमिंग' सोसले. त्याला ते नाव नव्हते एवढेच.

जगाच्या पातळीवर ह्या गोंधळाला आळा घातला तो १८७४ साली बर्नला स्थापन झालेल्या टपाल संघाने. संघातले सगळे देश मिळून एकच टपालप्रदेश मानायचा आणि पत्र जिथून निघाले त्या देशाने तिकिटाचे पैसे ठेवून घ्यायचे. पोचवणाऱ्याने काही मागायचे नाही, कारण पत्राला उत्तर येतेच आणि हिशेब आपोआप फिटतो, अशी त्यामागची धारणा. इतकी साधी आणि इतकी विश्वासू व्यवस्था नंतरच्या कोणत्याही संपर्कसाधनाला साधलेली नाही असे आमचे मत आहे. ब्रिटिश हिंदुस्थान १८७६च्या जुलैत संघात दाखल झाला.

सात वर्षांनी, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकर होते ही गोष्ट चरित्रांत सर्वत्र येते, पण तिचा अर्थ फारसा कोणी लावत नाही. टपालाची बोट कधी सुटते, कोणत्या बंदराला लागते, उत्तर केव्हा अपेक्षावे हे ज्या गृहस्थाच्या व्यवसायाचाच भाग होते, त्याची पत्नी परदेशी शिकायला गेली होती. न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंशी जोशी दांपत्याचा परिचय झाला तोही टपालातूनच. आनंदीबाईंचा सगळा प्रवासच एका अर्थी पत्राने घडवलेला आहे.

पण टपाल जोडते तसे छळतेही. हिंदुस्थानातून निघालेले पत्र अमेरिकेत पोचायला महिन्याहून अधिक काळ लागे. उत्तर यायला तितकाच. गोपाळरावांचा स्वभाव तापट आणि लहरी होता हे सर्वश्रुत आहे. त्यांनी रागाच्या भरात लिहिलेले पत्र फिलाडेल्फियाला उघडले जाई तेव्हा इकडे राग कधीच ओसरलेला असे, आणि आनंदीबाई मात्र त्या शिळ्या रागाला ताजे उत्तर लिहीत बसत. ते उत्तर इकडे पोचे तोवर गोपाळरावांचे मन तिसऱ्याच गोष्टीकडे गेलेले असे. ह्या दांपत्याचा पत्रव्यवहार वाचताना जो एक विचित्र ताण जाणवतो, माणसे एकमेकांशी बोलत आहेत पण एकाच वेळी बोलत नाहीत असा जो भास होतो, त्याचे श्रेय स्वभावांइतकेच बोटींच्या वेळापत्रकाला आहे. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) ह्या कादंबरीने स्वभावांचे नाट्य सर्वांपर्यंत पोचवले. वेळापत्रकाचे नाट्य अजून कोणी लिहायचे आहे.

आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंचे उदाहरण ह्या संदर्भात वेगळे आणि तितकेच बोलके आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तिथून सदाशिव पांडुरंग केळकर यांना त्यांनी प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले, आणि ते पत्रच 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून छापले गेले. एका माणसाला धाडलेला निरोप सगळ्या महाराष्ट्राने वाचला. निरोप धाडणे वारंवार शक्य नाही, म्हणून एका खेपेला सगळे सांगून टाकायचे. आणि सगळे सांगायचे म्हणजे नीट रचून सांगायचे. मराठी प्रवासवर्णनाचा एक ठळक प्रवाह ह्या अडचणीतून निघाला. त्यांचेच १८८९चे अमेरिकेवरील पुस्तक ह्याच्या पुढची पायरी आहे. तिथे पत्राची चौकट गळून पडली आहे आणि लोकस्थितीचा अभ्यास उभा राहिला आहे.

पुढची साठ-सत्तर वर्षे आपण भरभर ओलांडू. बोटीच्या टपालाची जागा विमानी टपालाने घेतली, निळ्या एरोग्रामवर कडेकडेने बारीक अक्षरात मजकूर भरण्याची कला मध्यमवर्गाने आत्मसात केली, आणि गाडगीळांचे 'सातासमुद्रापलीकडे' (१९५९), पु. लं.ची 'अपूर्वाई' (१९६०) अशी प्रवासवर्णने आली. प्रवासी परत येऊन मगच सांगणार, हे ह्या पुस्तकांचे गृहीतक आहे. परदेशगमन हा तेव्हा घरादारापासून तुटण्याचा अनुभव असे, आणि सांगणाऱ्याचा सूर त्या तुटण्यातून आलेला असे.

१९७६ साली मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय झाली. ती बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांना खऱ्या अर्थाने लाभली ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून, एसटीडी-आयएसडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्यांमुळे. एसटी स्टँडजवळची काचेची खोली, आत तापलेला पंखा, डोळ्यांसमोर लाल आकड्यांचा मीटर आणि बाहेर रांगेत उभी राहून सगळे ऐकणारी मंडळी. रात्री अकरानंतर एसटीडीचे दर पावपट होत म्हणून गावे जागत. परदेशी बोलण्याची भाषा ह्या मीटरने पुन्हा तारेसारखी आखडवली. 'बरा आहेस ना, जेवण मिळतं ना, ठेवतो' ह्या तीन वाक्यांत आईबापांचे महिन्याचे बोलणे आटोपे. १ एप्रिल २००२ रोजी विदेश संचार निगमची परदेशी फोनवरील मक्तेदारी संपली, त्याच दिवसापासून इंटरनेटवरून बोलण्यालाही कायद्याने मुभा मिळाली, आणि तो मीटर हळूहळू विझला. तारसेवा मात्र त्यानंतरही तग धरून होती; ती जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

मोबाइल आला तेव्हा परमुलूख पुन्हा एकदा जवळ येऊन उभा राहिला. दूरसंचार खात्याने देशाचे जे विभाग पाडले त्यांत महाराष्ट्र आणि गोवा एका विभागात गेले आणि सातपुड्याच्या पलीकडचे बुऱ्हाणपूर दुसऱ्या विभागात. जळगाव जामोदचा माणूस बाजारहाटाला बुऱ्हाणपूरला गेला की फोनवर 'रोमिंग' लागे, आणि आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. ज्या डोंगररांगेने लग्नसंबंध, आठवडी बाजार, बोलीतले शब्द कधी अडवले नाहीत, तिने मोबाइलचा बॅलन्स मात्र अडवला. २०१५च्या जूनमध्ये बीएसएनएलने देशांतर्गत रोमिंगवर येणारे फोन फुकट केले, पुढच्या दोन-तीन वर्षांत इतर कंपन्यांनीही हा भार सोडला, आणि सातपुडा पुन्हा नुसता डोंगर झाला.

त्या मधल्या काळात लोकांनी आपला 'एबीसी कोश' स्वतःच तयार केला होता. त्याचे नाव मिस्ड कॉल. एक घंटी म्हणजे पोचलो, दोन म्हणजे गाडी सुटली, पुन्हा पुन्हा म्हणजे तूच फोन कर. खामगावच्या दलालाने शब्दामागचे चार शिलिंग वाचवायला जे केले, तेच त्याच पेठेत भाजी विकणाऱ्या बाईने शतकाहून अधिक काळानंतर फुकटात केले. आणि तिला कोश विकत घ्यावा लागला नाही.

आता परदेशी रोमिंगकडे वळू. युरोपातील तेरा देशांच्या दूरध्वनी कंपन्यांनी १९८७ मध्ये कोपनहेगनला करार करून एकाच पद्धतीचे मोबाइल जाळे उभारायचे ठरवले, ते जीएसएम. १९९१ साली फिनलंडच्या एका कंपनीसाठी पहिली सिमकार्डे तयार झाली, आणि १९९२ मध्ये फिनलंड व ब्रिटन यांच्यातील कंपन्यांनी रोमिंगचा पहिला करार केला. सिममध्ये एक क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४०४ आणि ४०५. फ्रँकफर्टला उतरलेला फोन तिथल्या टॉवरला हा क्रमांक सांगतो, टॉवरची कंपनी मायदेशीच्या कंपनीला विचारते की हा गडी तुमचाच ना, तिकडून होकार आला की रेंज मिळते. बाहेरगावी गेलेल्या माणसाने आपल्या गावच्या पाटलाचा दाखला दाखवावा तसा हा प्रकार आहे.

ह्यात एक बारकावा असा की, रोमिंगवर असलेल्या फोनचा डेटा सामान्यतः आधी मायदेशीच्या कंपनीकडे येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. शांघायला बसून भारतीय सिमवर एखादे पान उघडले तर ती मागणी भारतात येऊन, पान घेऊन, पुन्हा शांघायला जाते. म्हणूनच गूगल किंवा व्हॉट्सॲप ज्या चीनमध्ये बंद आहेत तिथेही भारतीय रोमिंगवर ते एरवी चालतात; तिथले सिम घेतले की बंद होतात. रोमिंग घेणारा प्रवासी देहाने परदेशात आणि इंटरनेटपुरता घरीच असतो. स्थानिक सिम घेणारा त्या देशाचा तात्पुरता रहिवासी होतो. तिथले दर, तिथला वेग, तिथले निर्बंधही त्याला लागू होतात. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून लिहिता येते पण बोलण्याला दीर्घकाळ मनाई राहिली आहे. सौदी अरेबियाने २०१६ पासून सिम घ्यायला बोटाचा ठसा मागितला. हज-उमऱ्याला गेलेल्या शेतकऱ्याची बोटे कामाने घासलेली असतात, आणि यंत्राला झिजलेली रेघ नीट वाचता येत नाही. अशा वेळी इथून निघतानाच रोमिंग घेतलेले बरे, हा व्यवहारातला सल्ला आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

युरोपात शिकायला गेलेल्यासाठी हिशेब उलटा आहे. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात एका देशाचे सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालते. जर्मनीचे सिम घेतलेला चिखलीचा विद्यार्थी पॅरिसला गेला तरी त्याला वेगळे काही भरावे लागत नाही. बर्नच्या टपाल संघाला जे १८७४ मध्ये पत्रांसाठी सुचले, ते मोबाइलसाठी सुचायला एकशे त्रेचाळीस वर्षे जावी लागली, आणि तेही एका खंडापुरतेच.

इ-सिम हा तिसरा मार्ग. कार्ड नाही, पिन टोचून खाच उघडणे नाही. फोनमध्येच बसवलेल्या चिपवर परदेशी कंपनीची ओळख उतरवून घ्यायची. २०१६ च्या सुमारास त्याचे प्रमाण ठरले, २०१८ पासून ते महागड्या फोनांत आले, २०२२ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांतून तर कार्डाची खाचच गेली. फायदा असा की भारतीय सिम जागेवर राहते, त्यावर बँकेचा ओटीपी येत राहतो, आणि डेटा दुसऱ्या ओळखीवर चालतो. पण प्रवाशांना विकली जाणारी बरीच इ-सिमे ना इथली असतात ना तिथली. डेटा अनेकदा तिसऱ्याच देशातून फिरून येतो. भारतात बसून परदेशी सिम विकायचे तर दूरसंचार खात्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते नाही म्हणून जानेवारी २०२४ मध्ये एअरॅलो आणि होलाफ्लाय ही दोन ॲपे सरकारने बंद करायला लावली. आणि सगळ्यांत मोठी अडचण खुद्द फोनाची. बुलढाण्याच्या बाजारात जे स्वस्त फोन जास्त खपतात त्यांतल्या बहुतेकांना इ-सिम चालतच नाही. तेव्हा तीन मार्गांतून निवड म्हणतात ती अनेकांपुरती दोनच मार्गांची असते. निवड कोणाच्या हाती, हा खामगावचा जुना प्रश्न इथे पुन्हा समोर येतो.

उलट दिशेच्या प्रवाशाचीही आठवण ठेवायला हवी. लोणारचे विवर १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवले, आणि १९७३ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकातील निबंधाने ते बेसॉल्टमधले उल्काविवर असल्याचे प्रस्थापित केले. २०२० साली सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. ते पाहायला येणाऱ्या परदेशी माणसाला भारतीय सिम घ्यायला पासपोर्ट, व्हिसा, छायाचित्र असे सगळे लागते. आणि रेल्वे स्थानकांसारख्या ठिकाणचे बहुतेक सार्वजनिक वाय-फाय ओटीपी मागते, जो भारतीय नंबरवरच येतो. वाय-फायला नंबर हवा आणि नंबरासाठीच तर तो वाय-फाय शोधत असतो.

आता मूळ वाङ्मयीन प्रश्न. सतत जोडलेला प्रवासी खरा प्रवास करतच नाही, तुटण्याचा अनुभव गेला आणि म्हणून प्रवासवर्णन मेले, अशी एक तक्रार आपल्या समीक्षेत अधूनमधून ऐकू येते. तिच्यात तथ्य नाही असे नाही. विवराच्या काठावर उभे राहून तत्क्षणी छायाचित्र धाडणाऱ्याला रमाबाईंसारखे रचून सांगण्याची गरजच उरत नाही. पण ही तक्रार करणारे बहुधा प्रवाशाच्या बाजूने बोलतात, मागे राहिलेल्याच्या बाजूने नाही. महिनामहिना पत्राची वाट पाहणे हा प्रवाशाच्या लेखनाचा लाभ असेल. घरच्यांसाठी ती शिक्षा होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा तिथे वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांच्या घरी त्या दिवसांत एकच गोष्ट पाहिली जात होती : मुलाच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसते का. त्या आईबापांना तुटण्याच्या अनुभवाचे वाङ्मयीन मूल्य सांगायला कोण जाईल?

आमची खरी चिंता वेगळी आहे. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले ते आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर. ते लिहिता आले कारण पत्रे उरली होती. कागद टिकला आणि कोणीतरी तो जपला. पुढे अंजली कीर्तने यांनी आनंदीबाईंचा नव्याने शोध घेतला तोही ह्या उरलेल्या कागदांच्या आधारे. आज परदेशी गेलेल्या मुलीचा तिच्या आईशी होणारा संवाद त्या दांपत्याच्या संवादाहून कितीतरी पटींनी मोठा आहे. लिहिलेले, बोलून धाडलेले, छायाचित्रे, सगळे मिळून रोजच्या रोज. पण हा सगळा संवाद एका नंबरला बांधलेला असतो, आणि म्हणूनच सिमची निवड पुन्हा महत्त्वाची ठरते. तिकडचे सिम सोयीचे पडते म्हणून इकडचे रिचार्ज राहून जाते. नव्वद दिवस न वापरलेला आणि पुरेसा बॅलन्स नसलेला नंबर भारतात बंद करता येतो आणि पुढे तो दुसऱ्याला दिला जातो. व्हॉट्सॲपचे खातेही एकशे वीस दिवस पडून राहिले की पुसले जाते. पदवी घेऊन मुलगी परतते तेव्हा तिचा जुना नंबर जिल्ह्यातल्या किंवा राज्यातल्या कोणा अनोळखी माणसाकडे गेलेला असतो, आणि तिची पहिली 'पोचले' ही खबर असलीच तर आईच्या जुन्या, पडद्याला तडा गेलेल्या फोनमध्ये असते, जो बहुधा धाकट्या भावाने एक्सचेंजमध्ये देऊन टाकलेला असतो.